रानमोडीच्या शनिवारची तयारी: आधी चिंध्या बांधा

गोव्यातल्या आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयामागे साधारण दोन एकरांचा एक तुकडा आहे. त्यातला अर्धा उघडा सडा, म्हणजे जांभ्याचे खडकाळ पठार, आणि अर्धी झाडी. इमारती वाढत गेल्या तरी तो तसाच राहिला, आणि चवथीची (गणेशचतुर्थीची) सुट्टी संपून वर्ग सुरू झाले की पहिल्या शनिवारी विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी मिळून तिथली रानमोडी, म्हणजे झपाट्याने माजणारे एक परके झुडूप, काढायची, हा प्रघात मी नोकरीला लागण्याआधीपासून चालत आलेला आहे. गेल्या वर्षी त्या दिवसाची जबाबदारी प्रथमच माझ्याकडे आली. चहा वेळेवर आला, पाव कमी पडले नाहीत, कोणाला साधे खरचटलेही नाही, आणि दुपारी बाराला तो तुकडा इतका स्वच्छ दिसत होता की लोकांनी तिथे उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. सोमवारी मी आधीच्या प्रभारी शिक्षकांची वही उघडली. किंजळ, मत्ती, भिरंड, कुंभा, जांभूळ अशी आपोआप उगवलेली आणि चार-पाच वर्षे राखलेली ४१ रोपे तिच्यात जागेसह नोंदवलेली होती. वही हातात घेऊन मी तो तुकडा दोनदा फिरलो, तेव्हा मला सहा रोपे सापडली. बाकीची रानमोडीबरोबर कापली जाऊन कुंपणालगतच्या ढिगात पडली होती. एका भिरंडाच्या रोपाची तांबूस पालवी त्या ढिगातून बाहेर आलेली होती आणि ती अजून सुकलेलीही नव्हती. दोष मुलांचा नव्हता. ती रोपे ठेवायची आहेत हे सांगणारी एकही खूण मी तिथे बांधलेली नव्हती.

म्हणून या यादीतली पहिली गोष्ट चिंध्या. जुन्या सुती चादरी, धोतरे किंवा पंचे फाडून हातभर लांबीच्या पट्ट्या कराव्यात आणि ठेवायच्या प्रत्येक रोपाला एक पट्टी बांधावी. रंग पांढराच घ्यावा. लाल कापड पावसात भिजले की काळपट होते आणि झाडीच्या सावलीत दिसेनासे होते, शिवाय लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही असे विद्यार्थी गटात असू शकतात. प्लॅस्टिकची फीत नको, कारण ती वर्षभर तिथेच लोंबकळत राहते आणि मोकाट गुरे ती खातात. चुन्याची किंवा रंगाची खूण तर मुळीच नको; आपल्याकडच्या पावसात चुना एक रात्रही टिकत नाही. गाठ सैल मारावी, आत बोट फिरले पाहिजे. रोप गुडघ्यापेक्षा लहान असेल, तर त्याच्या शेजारी बांबूची कमरेएवढी काठी रोवून पट्टी काठीला बांधावी, कारण वाकून रानमोडी उपटणाऱ्याची नजर जमिनीवर नसते, हाताजवळ असते. हे काम शनिवारी सकाळी करायचे नाही. गुरुवारी करायचे, आणि पाऊस लागला तर शुक्रवार हाती राहील असे करायचे. रोपे ओळखणारी दोन माणसे, वही, पट्ट्यांची पिशवी आणि दोन तास, एवढेच त्याला लागते. मी गेल्या वर्षी हे दोन तास ध्वनिक्षेपकाची चौकशी करण्यात घालवले.

तारखेबद्दल दरवर्षी कोणीतरी वाद काढतो, म्हणून कारणे लिहून ठेवतो. रानमोडी आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते, आणि नंतर तिचे केसाळ बी वाऱ्यावर उडते. ती फुलण्याआधी काढली तरच श्रमाला अर्थ आहे. सप्टेंबरात जमीन ओली असते, त्यामुळे मूळ हाताने निघते. हीच रानमोडी जानेवारीत काढायला गेलात, तर वरचा भाग तुटून हातात येतो आणि खालचा बुंधा पुढच्या पावसात चौपट फुटतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात हे काम उरकावे, अशी सूचना हमखास येते. शिबिर थंडीत आणि सत्तरीसारख्या भागात असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. गोचिडीतून पसरणारा माकडताप २०१५ पासून त्या तालुक्यात माहीत आहे आणि त्याचा जोर कोरड्या महिन्यांतच असतो. तेव्हा चवथीनंतरचा शनिवारच बरा. २४ सप्टेंबर हा योजनेचा स्थापना दिवसही (१९६९ साली ती सुरू झाली) बहुधा याच सुमारास येतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या वर्षाच्या सेवेच्या १२० तासांत हे तास धरणे सोपे जाते. अर्धी मुले तासांसाठी येतात आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही. उपटलेली रानमोडी कोणत्या हेतूने उपटली हे विचारत नाही.

परवानगीचे थोडक्यात सांगतो. झुडपे काढायला प्राचार्यांचे पत्र पुरते. झाड तोडायला पुरत नाही. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि आमच्या कुंपणालगत सामाजिक वनीकरणाच्या काळात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळी कितीही नकोशा असल्या तरी त्या या शनिवारच्या कामात येत नाहीत. दरवर्षी एखादा उत्साही माजी विद्यार्थी करवत घेऊन येतो. त्याला चहा द्यावा आणि करवत कार्यालयात ठेवून घ्यावी.

गटप्रमुख निवडताना वर्गप्रतिनिधींची यादी बाजूला ठेवावी. नुकतीच चवथ झालेली असते. सत्तरी, पेडणे, डिचोली, सांगे या भागांतली कितीतरी मुले आदल्या पंधरवड्यात माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या मंडपीचे) सामान आणायला रानात फिरून आलेली असतात. कांगलां कुठल्या वेलीला लागतात, त्रिफळाचे झाड कसे दिसते, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते. वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा गेल्या वर्षी मला म्हणाला होता, “सर, हें किंजळ न्हय?” मी घाईत होतो आणि “नंतर बघू” म्हणालो. अशा मुलामुलींना प्रमुख करावे, प्रत्येकाच्या हाताखाली आठाच्या वर माणसे देऊ नयेत, आणि गुरुवारी चिंध्या बांधताना त्यांनाच बरोबर न्यावे. ज्याने स्वतः गाठ मारली आहे त्याला ते रोप कुठे आहे ते शनिवारी सांगावे लागत नाही.

सर्वांना सांगायचा नियम एकच आहे. चिंधी असलेल्याला हात लावायचा नाही, आणि चिंधी नसलेले पण ओळखू न येणारे असेल तर प्रमुखाला विचारल्याशिवाय उपटायचे नाही. नियमाचा दुसरा भाग सांगायला विसरू नका, कारण गुरुवारी कितीही बारकाईने फिरलात तरी चार रोपे नजरेतून सुटतातच. काढायच्या झाडांना वेगळ्या रंगाची खूण बांधण्याची कल्पनाही कोणी मांडील. ती ठामपणे नाकारावी. दोन रंग झाले की दहा मिनिटांत त्यांचे अर्थ उलटे होतात.

रानमोडीची ओळख आदल्या दिवशी वर्गात फांदी नेऊन करून द्यावी. पाने समोरासमोर, त्रिकोणी, कडेला दाते, देठापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरा, आणि चुरगळले की एक उग्र वास. वास घेऊ द्या, मुले तो विसरत नाहीत. घाणेरीचे खोड चौकोनी व काटेरी असते आणि पान हाताला खरखरीत लागते. किंजळीच्या लहान रोपाची पानेही जवळजवळ समोरासमोर असल्याने लांबून घोटाळा होतो, मात्र त्याच्या पानाला कडेला दाते नसतात आणि चुरगळल्यावर तो वासही येत नाही.

अवजारांत कोयता नको. हे वाक्य वाचून आमचे माळीमामा नाराज होतील, पण माझे मत झाले आहे. कोयता हातात आला की माणूस बघत नाही, चालवतो. शिवाय कापलेली रानमोडी मरत नाही, फुटते. म्हणून हातमोजे, लहान कुदळी, घाणेरीच्या बुंध्यासाठी दोन पिकासे, ओढून नेण्यासाठी गोणपाट आणि सुतळी, एवढे पुरे. दोन कोयते माळीमामांकडेच असावेत, वाट मोकळी करण्यापुरते, आणि तेही चिंध्या बांधून झाल्यावर.

सड्याचा भाग वेगळा समजावून सांगावा लागतो, कारण तो पाहणाऱ्याला ओसाड वाटतो. जांभ्याच्या खडकावर बोटभर माती असते, तीत पावसाळ्याचे तीन-चार महिने संसार उरकणारी झाडे असतात. सप्टेंबरात तिथे ‘सीतेची आसवे’ या फुलांचा निळा-जांभळा थर असतो, आणि गुडघे टेकून पाहिले तर रुपयाच्या नाण्याएवढे दवबिंदू नावाच्या झाडाचे तांबडे चक्र दिसते, त्याच्या केसांवर चिकट थेंब आणि एखाद्या थेंबात अडकलेले चिलट. मातीत नायट्रोजन जेमतेम असतो म्हणून ही झाडे किडे खातात. अशा जागेवर १५० पावले फिरली की त्या वर्षीचे बी पडण्याआधीच सगळे संपते. म्हणून सड्यावर फक्त उघड्या खडकावरून, एकामागोमाग एक, आणि तेही गटप्रमुखाबरोबर जावे. उपटलेल्या रानमोडीचा ढीग सड्यावर टाकू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सड्यावर खड्डे खणून झाडे लावू नयेत. पाहुणे आले की त्यांच्या हस्ते वृक्षारोपण व्हावे असे वरून येतेच, आणि मग मादागास्करच्या गुलमोहरासाठी आपल्या सड्याला भोक पाडले जाते. कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्याचा, सप्टेंबरातल्या शनिवारचा नव्हे, असे नम्रपणे सांगता येते. पाहुण्यांच्या हस्ते काही करायचेच असेल, तर त्यांना एक चिंधी बांधायला द्यावी. हे मी विनोदाने लिहीत नाही. गुरुवारी चुकून राहिलेले एखादे रोप त्यासाठी शोधून ठेवा.

सापांचे भय अकारण वाढवू नये आणि विसरूही नये. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत, पैकी फुरसे जांभ्याच्या दगडाखाली बसते, तेव्हा दगड उलटायचे नाहीत. पूर्ण बूट, पूर्ण बाह्या, आणि झुडपात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहणे. दंश झाल्यास आवळून बांधायचे नाही, चिरा द्यायचा नाही, हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करायचा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे ते शुक्रवारी स्वतः विचारून घ्यावे. पायाला उघडी जखम असलेल्यांना लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) दृष्टीने चिखलात उतरवू नये, त्यांना मोजणीचे काम द्यावे. हुमल्यांचे घरटे असलेली फांदी आधी पाहून ठेवावी. त्या मुंग्यांचे विष नाही भरत, पण एक घरटे फुटले की आख्खा गट अर्धा तास उड्या मारत राहतो आणि त्या उड्यांखाली काय सापडते ते मी पाहिले आहे. त्या फांदीखालच्या रोपांना दोन-दोन चिंध्या बांधा.

खाणे सोपे आहे. पोदेराला आदल्या दिवशी पाव सांगावेत, पातळभाजी कँटीनमध्ये होते, पाणी भरपूर, कोकमाचे सरबत असल्यास उत्तम. कागदी पेले नकोत, प्रत्येकाने आपला पेला आणावा.

शनिवारी साडेसातला हजेरी, आठला काम, साडेअकराला बंद. ऊन चढल्यावर लक्ष उडते आणि चुका तेव्हाच होतात. भाषण पाच मिनिटांचे, त्यातली तीन मिनिटे चिंध्यांची. एक चिंधी सर्वांना हातात दाखवावी.

काढलेली रानमोडी मुळे वर करून एका ठिकाणी रचावी, जाळू नये. अवजारे मोजून परत घ्यावीत. हजेरीपत्रकावर त्याच दिवशी सह्या घ्याव्यात, सोमवारी कोणी सापडत नाही. अहवाल एका पानाचा पुरे.

संध्याकाळी, सगळे गेल्यावर, वही घेऊन एकदा फिरावे आणि चिंध्या मोजाव्यात. ४७ बांधल्या असतील तर ४७ सापडल्या पाहिजेत आणि प्रत्येकीच्या खाली रोप उभे पाहिजे. नुसती चिंधी मोजू नका. यंदा मी दोन चादरी आणि वडिलांचे एक जुने धोतर फाडून पट्ट्या तयार ठेवल्या आहेत. नाताळच्या सुट्टीपूर्वी त्या सोडून पुन्हा सैल बांधायच्या आहेत, कारण खोड जाड होते, चिंधी सालीत रुतते, आणि रानमोडीतून वाचलेले रोप चिंधीने मेले अशी नोंद त्या वहीत मला करायची नाही.