रोटेशन आलं की डेक मोडायचा की खोडवा ठेवायचा?

‘दादा, आत्ता सगळ्यात भारी डेक कुठला?’ रोटेशन जवळ आलं की उद्यमनगरातली, राजारामपुरीतली पोरं मला हेच विचारतात. डेक म्हणजे खेळायला निवडलेल्या कार्डांचा गठ्ठा; भारी डेक नंतर बघू. आधी मला सांग, तुझ्याकडची कुठली कार्डं अजून वर्ष-दीड वर्ष चालणार आहेत? मी व्हीएमसी (धातू कापायचं संगणकी मशीन) ऑपरेटर आहे, शिफ्ट सुटल्यावर मोबाईलवर मॅजिक, हर्थस्टोनसारखे कार्डगेम खेळतो आणि गेममध्ये पैसे जवळपास घालत नाही. ज्यांचं असंच आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रोटेशन म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर जुने सेट (एकदम निघालेल्या कार्डांचे संच) स्टँडर्डमधून, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या फॉरमॅटमधून, बाहेर जाणं. कार्ड तुमच्या खात्यातून जात नाही, त्या फॉरमॅटमध्ये चालायचं बंद होतं. हर्थस्टोनमध्ये हे २०१६ साली सुरू झालं. तिथं वर्षातल्या पहिल्या एक्स्पान्शनबरोबर (नव्या सेटबरोबर), साधारण मार्च-एप्रिलमध्ये, स्टँडर्ड बदलतं आणि बाहेर गेलेली कार्डं वाइल्ड या जुनी कार्डंही चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये खेळता येतात. मॅजिकचं स्टँडर्ड पूर्वी दोन वर्षांचं होतं, २०२३ साली ते तीन वर्षांचं केलं. पोकेमॉनच्या कार्डावर खाली डाव्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर असतं, त्याच्यावर सगळं ठरतं. एप्रिल २०२५ मध्ये ‘एफ’ची कार्डं गेली, ‘जी’ आणि पुढची राहिली. तुमच्या गेमची पुढची तारीख आधी बघून घ्या. बाकीचं सगळं त्या तारखेपासून उलटं मोजायचं.

आमचं शेत वडणग्याला, ऊस. उसात खरा खर्च लागणीचा. तोडणी झाल्यावर बुडखे जमिनीत राहतात, त्यांना नवे फुटवे येतात, तो खोडवा, आणि त्याला बियाण्याचा खर्च नसतो. आमच्या ग्रुपमध्ये डेकलाही आम्ही हेच शब्द वापरतो. नवीन सेटवर शून्यातून बांधलेला डेक म्हणजे लागण. ज्याचा गाभा रोटेशननंतर शिल्लक राहतो तो खोडवा. अरीना या मॅजिकच्या ऑनलाइन गेममध्ये वाइल्डकार्ड देऊन कॉमन, अनकॉमन, रेअर, मिथिक अशा त्या त्या दर्जाचं हवं ते कार्ड करता येतं; ती वाइल्डकार्डं मोजकी असतील तर खोडवाच धरा.

तो ओळखायचा कसा? रोटेशनच्या महिनाभर आधी डेकची कॉपी करा आणि जाणाऱ्या सेटमधलं प्रत्येक कार्ड त्यातून काढून टाका. साठ कार्डांच्या डेकमध्ये चाळीसच्या आसपास उरली तर आशा आहे. पण नुसता आकडा बघू नका. उरलेली चाळीस म्हणजे लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारी शक्ती, म्हणजे माना, देणारी कार्डं) आणि समोरच्याची लढणारी कार्डं मारायची कार्डं असतील, आणि ज्या दोन कार्डांवर सगळा डेक उभा होता तीच गेली असतील, तर तो खोडवा नाही, मोकळं रान आहे. उलट एखाद्या डेकची वीस कार्डं जातात, पण गाभ्याची आठ राहतात. भोकं साध्या कॉमन कार्डांनी बुजवून तो डेक चालतो. रोटेशनच्या आधीच तसा भोकं बुजवलेला डेक घेऊन साध्या प्ले क्यूमध्ये, जिथं रँक जात नाही, खेळून बघा. हराल, पण कुठं अडतंय ते कळेल.

अरीनावर रेअर वाइल्डकार्ड आधी कशावर घालायचं, तर लँडवर. पोरांना हे पटत नाही, त्यांना ड्रॅगन पाहिजे असतो. पण ड्रॅगन एका डेकमध्ये चालतो आणि दोन रंगांची चांगली लँड त्या रंगांच्या प्रत्येक डेकमध्ये. २०२५ च्या रोटेशनचंच बघा. एज ऑफ इटर्निटीज आला तेव्हा डॉमिनारिया युनायटेड, ब्रदर्स वॉर, फायरेक्सिया आणि मार्च ऑफ द मशीन हे सेट गेले. त्यांच्याबरोबर पेनलँड गेल्या, पाच फास्टलँड गेल्या; ही सगळी दोन रंगांच्या लँडची नावं. पण त्याच नव्या सेटमध्ये पाच शॉकलँड आल्या, आणि डस्कमोर्न आणि एथरड्रिफ्टमधल्या व्हर्ज लँड होत्याच. ज्यानं व्हर्ज आधीच करून ठेवल्या होत्या त्याला नव्या डेकसाठी कमी खर्च आला. फाउंडेशन्स हा सेट तर किमान २०२९ पर्यंत स्टँडर्डमध्ये आहे. त्यातलं कामाचं कार्ड बिनधास्त करा.

अरीनावर कार्ड मोडून काही परत मिळत नाही, म्हणून तिथं हात आवरून चालायचं. हर्थस्टोनमध्ये लेजेंडरी (सगळ्यात दुर्मिळ) कार्ड करायला १६०० डस्ट (कार्ड करायचं गेममधलं चलन) लागतात आणि मोडली की ४०० मिळतात, म्हणजे घाईचा प्रत्येक निर्णय तीन चतुर्थांश तोट्याचा. तिथं एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. कार्ड नर्फ झालं, म्हणजे कंपनीनं त्याची ताकद कमी केली, की काही दिवस ते मोडून पूर्ण डस्ट परत मिळतात. म्हणून सगळे ज्याच्या नावानं ओरडताहेत ते कार्ड कधीही घाईनं मोडू नका, थांबा. अरीनावर बॅन झालेल्या कार्डाचं वाइल्डकार्ड परत येतं. ३० जून २०२५ ला स्टँडर्डमध्ये एकदम सात कार्डं बॅन झाली, त्यात कोरी-स्टील कटर, मॉन्स्ट्रस रेज आणि हार्टफायर हीरो होती. ज्यांनी ती केली होती त्यांचं वाइल्डकार्डाचं नुकसान झालं नाही. महिनाभरानं रोटेशनमध्ये जी गेली त्यांचं मात्र काही परत आलं नाही. बॅनची भरपाई आहे, रोटेशनची नाही.

आता मेटा, म्हणजे सध्या कुठले डेक जास्त चालतात ते. नवीन सेट आला की सगळे नवीन कार्डांचे व्हिडिओ बघतात. मी आधी जाणाऱ्या कार्डांची यादी काढतो, त्यातही फक्त मारायची कार्डं. २०२५ मध्ये कट डाउन गेलं, गो फॉर द थ्रोट गेलं, टेम्पररी लॉकडाउन आणि सनफॉल गेलं. स्वस्तात लहान क्रीचर (लढणारं कार्ड) मारणारं, कुठलंही बिगर-आर्टिफॅक्ट क्रीचर दोन मानात मारणारं, आणि पटच रिकामा करणारं, सगळंच कमी झालं. मग टेबलावर क्रीचर मांडून राहणाऱ्या डेकना श्वास मिळणार, हे नवीन सेटचं एकही कार्ड न बघता सांगता येतं. पोकेमॉनमध्ये ‘एफ’ गेलं तेव्हा रेडियंट ग्रेनिंजा आणि ल्युमिनिऑन व्ही गेले. एक कार्डं ओढून देणारा, दुसरा सपोर्टर (मदतीचं कार्ड) शोधून देणारा. ज्या डेकचा सगळा ओघ या दोघांवर होता ते हळू झाले.

विन रेटचे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चाळीस मॅचवर ५७ टक्के दिसत असेल तर त्यात पंधरा टक्के इकडं-तिकडं सहज होतात, त्या आकड्यावर वाइल्डकार्ड खर्च करू नका. हजारात मॅच असतील तर बोला. दुसरं, जो डेक सगळेच खेळतात त्याच्या बऱ्याच मॅच स्वतःशीच होतात, आणि त्या जोडीचा हिशेब कायम पन्नास टक्केच येतो. त्यामुळे लोकप्रिय डेकचा एकूण आकडा पन्नासकडं ओढला जातो, चांगला डेक असतो त्यापेक्षा कमी दिसतो. एकूण आकडा सोडा, कुणाविरुद्ध किती ते बघा.

आणि स्पर्धेतला डेक जसाच्या तसा उचलू नका. मॅजिकच्या मोठ्या स्पर्धा तीन गेमच्या असतात, पंधरा कार्डांचा साइडबोर्ड (गेमच्या मधे बदलायची राखीव कार्डं) असतो. आपण रात्री एका गेमची मॅच खेळतो. अरीना एका गेमच्या मॅचला सुरुवातीचा हात थोडा सावरून देतं, लँडचं प्रमाण डेकशी जुळेल असा. म्हणून तिथं हलका लाल डेक एक-दोन लँड कमी ठेवूनही चालतो, तीन गेमच्या मॅचमध्ये तेच अंगाशी येतं.

घरच्यांना ‘पत्ते’ म्हटलं की रमी आणि पैसेच आठवतात. आमच्या आईलाही मी बसून समजावलं: ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंद झाले ते पैसे लावून खेळायचे गेम, ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात मान्यता आहे. आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं, तिथं भुजच्या तीर्थ मेहतानं हर्थस्टोनमध्येच भारतासाठी कांस्य आणलं. मला त्याचा फार अभिमान आहे, आणि हे पोरांच्या घरी सांगावं असं मला वाटतं.

रोटेशननंतरचे पहिले दोन आठवडे हल्ल्याचा, कमी मानाचा डेक खेळा. समोरचे सगळे अजून चाचपडत असतात. कंट्रोल, म्हणजे समोरच्याला रोखत राहणारा डेक, खेळणाऱ्याला कुठल्या धोक्याला कुठलं उत्तर ठेवायचं हे ठरवायलाच वेळ लागतो, आणि हल्ल्याच्या डेकला फक्त स्वतःची योजना माहीत असावी लागते. शिवाय असे डेक बहुतेक कॉमन-अनकॉमनवर होतात. तोवर रेअर आणि मिथिक वाइल्डकार्डांना हात लावू नका. रोज मॅच झाल्या की वहीत तीनच रकाने भरा: समोर कुठला डेक, पहिला कोण, आणि हरलो तेव्हा हातात काय अडकलं होतं. दोन आठवड्यांनी तिसरा रकाना वाचा. जे कार्ड त्यात सारखं येतंय ते काढा, आणि पहिल्या रकान्यात जो डेक सारखा येतोय त्याला मारणारं कार्ड पहिल्या रेअर वाइल्डकार्डानं करा.