रंधा मशीन घ्यायला निघण्याआधी

दुकानात जाण्याआधी वर्षभरात कुठलं लाकूड मशीनवर चढणार ते लिहून काढा. चौकटी 5 बाय 3 इंचाच्या आसपास आणि दाराच्या फळ्या 8 ते 10 इंचाच्या असतील, तर 12 इंच रुंदीचं मशीन पुरतं. त्याहून रुंद फळी पट्ट्या जोडूनच करावी लागते. सागात सिलिका असते, माडाचं लाकूडही पाती लवकर बोथट करतं. ऐन आणि फणस यांच्या रेषा आलटून-पालटून उलट जातात, म्हणून खपल्या उपटतात. जुन्या घरांचे वासे आणि तुळया येणार असतील, तर खिळे शोधायला चांगलं लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर यादीत आधीच लिहा. एका खिळ्याने पात्यांना खाचा पडल्या की पुढच्या प्रत्येक फळीवर उभी रेघ उठते.

आता मुख्य निवड, सरफेस (एक बाजू सपाट करणारं मशीन) की थिकनेसर (जाडी एकसारखी आणणारं मशीन). नवखे बहुतेक जण थिकनेसर घेतात, कारण तो लहान असतो आणि लगेच काम दाखवतो. पण थिकनेसर बाक किंवा पीळ काढत नाही. त्याचे रोलर फळी दाबून सपाट धरतात, पाती वरचा थर काढतात आणि बाहेर पडताच फळी पुन्हा पहिल्यासारखी वाकते. एक बाजू सपाट करणं आणि तिला काटकोनात कड काढणं हे सरफेसचं काम. दुसरी बाजू समांतर करून जाडी एकसारखी आणणं थिकनेसरचं. म्हणून एकच मशीन परवडत असेल, तर आमच्या मते आधी सरफेस घ्यावं आणि जाडी जवळच्या कारखान्यातून काढून आणावी. थिकनेसर आधीच घरात असेल, तर 18 मिमी प्लायच्या सरळ पाटावर फळी ठेवा, डगमगते तिथे पाचरी सारा आणि पाटासकट आत सोडा. काम होतं, पण वेळ फार जातो.

सरफेसच्या टेबलाची एकूण लांबी लाकडाच्या निम्मी तरी हवी. 7 फुटी चौकटीला 4 फुटांहून लहान टेबल नको. दोन्ही कामांचं एकत्र मशीन एकट्या सुताराला जागेच्या दृष्टीने बरं पडतं. फक्त दर वेळी टेबल उचलून बदलावं लागतं, म्हणून फळ्यांचा सगळा गठ्ठा एकदम काढायचा.

वीज आधी तपासा. मंजूर भार बिलावर छापलेला असतो. 3 एचपी मोटर सिंगल फेजवर साधारण 14 अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट. घरगुती सॉकेटवर ती लावू नये. 4 स्क्वेअर मिमीची स्वतंत्र तांब्याची केबल, सी प्रकारचा 25 अँपिअर एमसीबी आणि पक्कं अर्थिंग वायरमनकडून करून घ्या. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हाच मल्टिमीटरने मोजा. 230 चे 185 झाले तर मोटरचा जोर जवळपास दोन तृतीयांश उरतो. ऐनाच्या फळीखाली ती घरघरते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं.

दुकानात 3 फुटी सरळ पट्टी, गुण्या आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घेऊन जा. पुढचं-मागचं टेबल एकमेकांना समांतर आहे का, फेन्स (फळी टेकवायची उभी पट्टी) 90 अंशावर लॉक होऊन राहतो का, हे स्वतः बघा. पट्टीखाली 0.15 मिमीचं पान सरकत असेल, तर दुसरं मशीन दाखवायला सांगा. थिकनेसरमधून एक फळी घालून बघा. टोकांना दोन-तीन इंचांत खोलगट खाच येते. ती थोडी असणारच, म्हणून लाकूड कापताना दोन्हीकडे 3 इंच जादा ठेवायचे. खाच बोटाला ठळक लागली, तर रोलरची उंची नीट बसलेली नाही.

जागा ठरवताना मशीनच्या पुढे-मागे लाकडाच्या लांबीएवढी मोकळी जागा सोडा. भुशासाठी किमान 4 इंची पाइपाचा डस्ट कलेक्टर हवा, नाहीतर भुसा रोलरखाली दबून फळीवर खड्डे पाडतो. एक फुटाहून आखूड तुकडा सरफेसवर चालवायचा नाही. ढकलायला दोन पुश ब्लॉक घ्या, हातमोजे मात्र घालू नका.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरायच्या सामानात टेबलावर चोळायला पेस्ट वॅक्सचा डबा असू द्या. खाऱ्या दमट हवेत बिडाच्या टेबलावर एका रात्रीत तांबूस डाग येतात. टेबलावर ओलं लाकूड ठेवून जाऊ नये. पावसाळ्यात फळ्या एकदम शेवटच्या मापाला आणू नका. 2-3 मिमी जादा ठेवून आठवडाभर पट्ट्यांवर रचा, मग शेवटचा हात मारा. पात्यांचे दोन जोड घ्या आणि धार कोण लावून देतं ते मशीन आणण्याआधीच विचारून ठेवा.