डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन पॅच आणि ढेकणाचं औषध: या चुका टाळा

दादरला मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की विसरायच्या आजाराची औषधं न्यायला येणारी मुलं-सुना रोज भेटतात, आणि बहुतेकांचा गोंधळ एकाच गोष्टीतून होतो: गोळी फक्त डोक्यात काम करते असं वाटतं. तसं नाहीये.

आपल्या नसा असिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून निरोप देतात आणि निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, गॅलान्टामिन ही औषधं त्या एन्झाइमला अडवतात, मग असिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं आणि अल्झायमरमध्ये थोडी मदत होते (आजार थांबत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं पण घरी कोणाला ऐकायचं नसतं). पण तेच रसायन पोटात, हृदयात, मूत्राशयातही चालतं, त्यामुळे जुलाब, मळमळ, नाडी मंद होणं, घाईची लघवी हे सगळं त्याच गोळीचं असू शकतं.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. आजोबांना डोनेपेझिल सुरू झालं, महिनाभरात लघवी आवरेना, घरच्यांनी दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी ऑक्सिब्युटिनिन किंवा टोल्टेरोडिन दिलं. आता एक गोळी असिटिलकोलीन वाढवतेय आणि दुसरी त्याचंच काम अडवतेय, म्हणजे एकाने गाडी पुढे ढकलायची आणि दुसऱ्याने मागून धरून ठेवायची, वर आजोबांचा गोंधळ वाढला की म्हणायचं आजार बळावला. सर्दीची क्लोरफेनिरामिनवाली गोळी, पोटदुखीचं डायसायक्लोमिन, झोपेसाठीचं अॅमिट्रिप्टिलिन, हेही त्याच उलट्या बाजूचे. सगळ्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत घालून एकाच डॉक्टरसमोर ठेवा ना. आणि बीपीची मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारखी गोळी (तीही नाडी मंद करते) सोबत चालू असताना चक्कर आली, माणूस पडला, तर आधी नाडी मोजा, "वय झालं" म्हणून सोडू नका.

रिवास्टिग्मिनच्या पॅचचं, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या औषधाच्या पट्टीचं, तर विचारूच नका. दिवसाच्या मावशी जातात, रात्रीच्या येतात, जुना पॅच पाठीवर तसाच आणि नवा दंडावर. दोन-तीन पॅच एकदम अंगावर राहिले तर उलट्या, नाडी मंद, बेशुद्धी, इतकं गंभीर होऊ शकतं. आधी जुना काढायचा, मगच नवा लावायचा, रोज जागा बदलायची आणि नेमक्या त्याच जागी १४ दिवस लावायचा नाही. एका आजींच्या घरी फ्रिजवर कॅलेंडर आहे, त्यावर "उजवा दंड, काढला" असं बॉलपेनने लिहितात, तेवढं पुरतं. मे महिन्यात घामाने पॅच सुटला तर नवा लावा, पण उद्या नेहमीच्या वेळीच बदला. खाली क्रीम, तेल नको. गणपतीला कोकणात गेलात, पॅच इथेच राहिले आणि तीन दिवसांवर खंड पडला, तर परत येऊन मोठ्या पॉवरचा लावू नका, डॉक्टरांना फोन करा, बहुधा ४.६ मिलिग्रॅमच्या, सगळ्यात कमी पॉवरच्या पॅचपासून पुन्हा सुरू करतात.

डोनेपेझिलचा एक डोस चुकला तर काही बिघडत नाही, ते शरीरातून निम्मं व्हायलाच ७० तासांच्या आसपास लागतात, दुसऱ्या दिवशी डबल घेऊ नका म्हणजे झालं. रात्री घेऊन भयानक स्वप्नं पडत असतील तर सकाळी घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा.

मायस्थेनिया (स्नायू लवकर दमण्याचा आजार) साठी पायरिडोस्टिग्मिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तेही तेच एन्झाइम अडवतं, पण तिथे वेळच सगळं. चावताना, गिळताना दमत असाल तर गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. पण अशक्तपणा वाढला म्हणून मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत कारण जास्त डोसनेही स्नायू ढिलेच पडतात, घरी बसून फरक कळत नाही. आणि ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञांना यातली कुठलीही गोळी चालू असल्याचं सांगा, भुलेच्या काही औषधांचा असर लांबतो.

आता विष. ढेकूण-झुरळांसाठी सुटी मिळणारी काही औषधं आणि शेतातलं मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस हे कोलिनेस्टरेज एन्झाइमच कायमचं बंद पाडतात. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना माणसं गेली ती नुसत्या अंगावर उडून आणि श्वासातून. म्हणून असलं काही पाण्याच्या बाटलीत भरून सिंकखाली ठेवू नका. तोंडाला फेस, दरदरून घाम, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत घरघर, कपड्यात लघवी असं दिसलं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. हातमोजे घालून कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ लावा, बाटली सोबत घ्या आणि केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिकडे न्या, व्हेंटिलेटर लागू शकतो. हॉस्पिटलात देतात त्या अॅट्रोपिन नावाच्या उताऱ्याने घरघर थांबते पण स्नायूंची ताकद त्याने येत नाही. त्यामुळे पेशंट बोलायला लागला म्हणून सही करून घरी आणू नका, एक ते चार दिवसांत मान उचलता येईनाशी होते आणि श्वास बंद पडू शकतो.