मिनी ऑर्किडला पाणी कधी घालायचं? मुळांकडे बघा
नर्सरीतून आणलेलं छोटं फॅलेनॉप्सिस (घरात सर्रास लावतात ते ऑर्किड) महिनाभरात मान टाकतं ते बहुतेक वेळा आपल्याच लाडाने, म्हणजे रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही पेलाभर पाणी, आणि मग मुळं सडतात. वार ठरवून पाणी घालूच नका. पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत लावलं की मुळं दिसतात, चंदेरी-राखाडी झाली की तहान लागलीय, हिरवीगार असतील तर हात आखडता घ्या. कुंडी जेमतेम ३ इंचाची असल्याने उन्हाळ्यात दोन दिसांत सुकते, पण पावसाळ्यात ८-१० दिवससुद्धा ओल टिकते.

माती अजिबात नको, झाडाची साल, कोळशाचे तुकडे न् थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरे. पाणी सकाळीच, आणि पानांच्या मधल्या बेचक्यात साचलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या, माझं एक झाड तेवढ्यानेच गेलं, मधलं कोवळं पान ओढलं तर अलगद हातात आलं!

जागा पूर्वेची खिडकी. आणि फुलं गळली म्हणून हिरवा दांडा लगेच कापू नका, बऱ्याचदा त्याच्याच डोळ्यातून, म्हणजे दांड्यावरच्या गाठीतून, परत कळ्या येतात.