वाहवा बाजूला ठेवून : साहित्य मंडळाच्या बैठकीत लिखाण वाचण्याची रीत

तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा भरणारी लेखक मंडळाची बैठक आणि कोजागरीला रंगणारी काव्यमैफल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे एकदा सर्वांनी मान्य केले की पुढची निम्मी कामे सोपी होतात. मैफलीत रसिकांपुढे ठेवायची ती पूर्ण झालेली रचना. तिथे दाद द्यावी आणि घ्यावी. बैठकीत मात्र कच्चा खर्डा स्वतः लिहिणाऱ्या माणसांपुढे ठेवायचा असतो, आणि तिथे नुसते 'वा, क्या बात है' ऐकून घरी गेलेल्या लेखकाला दुसऱ्या दिवशी खर्डा पुढे घेऊन बसल्यावर नेमके काय दुरुस्त करायचे हे कळत नाही. आमच्या मंडळाची पहिली दोन वर्षे अशा दादेतच गेली. ज्या कथा आम्ही डोक्यावर घेतल्या त्या संपादकांकडून साभार परत आल्या, आणि त्यांतील उणिवा आमच्यापैकी तिघाचौघांना आधीच जाणवल्या होत्या पण भिडेखातर कोणी बोलले नव्हते, हे नंतर चहा पिताना उघड झाले. पुढे दिलेली रीत त्यानंतर हळूहळू बसत गेली.

आधी वेळेचा हिशेब पाहावा. मराठी गद्य नीट उच्चार करून, श्वास घेत वाचले तर मिनिटाला साधारण 100 शब्द होतात, म्हणजे 1200 शब्दांच्या कथेला 12 मिनिटे लागतात. त्यावर 20 मिनिटे चर्चा धरली तर दोन तासांच्या बैठकीत चहा सांभाळून तीनच लेखकांना न्याय मिळतो. आठ-दहा जणांच्या मंडळात प्रत्येकाने दर वेळी वाचायचे ठरवले की कोणाचेच धड ऐकून होत नाही. म्हणून पाळी लावावी, ती वहीत लिहून ठेवावी आणि ज्याची पाळी नाही त्याने खिशातून कागद काढू नये. 'एकच चारोळी आहे' या सबबीलाही अपवाद नको, कारण त्या एका चारोळीमागून आणखी चार येतात.

ज्याची पाळी आहे त्याने कथा किंवा लेख असेल तर तीन-चार दिवस आधी सर्वांना पाठवावा आणि बैठकीला येताना पाच-सहा प्रती झेरॉक्स करून आणाव्यात. अक्षर 14 पॉइंटचे, दोन ओळींत मोकळी जागा आणि प्रत्येक पानावर क्रमांक असावा. क्रमांक नसला की 'ते, तिथे, बाई दार उघडते ना, त्याच्या जरा आधी' असे शोधण्यात बैठकीचा वेळ जातो. कादंबरीचे प्रकरण वाचायचे असेल तर आधीचे कथानक चार ओळींत सांगावे. याहून अधिक प्रास्ताविक मात्र कटाक्षाने टाळावे. 'ही कथा मला कशी सुचली', 'हे घाईत लिहिले आहे, सांभाळून घ्या' किंवा 'खरे तर हे प्रतीक आहे' असे आरंभीच सांगितले की श्रोते त्या सूचनेच्या उजेडात ऐकतात, आणि मासिकात कथा वाचणाऱ्या माणसाजवळ तो उजेड नसतो. त्याऐवजी लेखकाने एक प्रश्न घरूनच ठरवून आणावा, तो एका कागदावर लिहून सूत्रसंचालकाकडे द्यावा आणि चर्चेच्या अखेरीस तो वाचला जावा. 'कशी वाटली?' हा प्रश्न उपयोगाचा नाही. 'सासूचा राग खरा वाटतो का?' किंवा 'शेवटचा परिच्छेद काढला तर काही बिघडते का?' हा प्रश्न उपयोगाचा आहे.

कवितेची रीत थोडी निराळी ठेवावी लागते, आणि इथे जरा थांबून सांगणे आवश्यक आहे. मराठीत कविता गाऊन दाखवण्याची परंपरा मोठी आहे. 1923 साली पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन घराघरांत नेले, आणि आजही गळा चांगला असलेला कवी पहिल्या कडव्यातच सभा जिंकतो. बैठकीत मात्र ही चाल आड येते. 'सारी', 'जरी', 'खरी', 'आज' असे केवळ मात्रा भरण्यासाठी आलेले भरीचे शब्द चालीच्या ओघात लपतात आणि कागदावर उघडे पडतात. म्हणून आमच्याकडे कविता दोनदा वाचली जाते: प्रथम कवी स्वतः, चाल न लावता, नंतर दुसरा कोणी सदस्य, तोवर कविता न पाहिलेला. हा दुसरा वाचक जिथे अडखळतो तिथे प्रतीवर पेन्सिलने बारीक रेघ मारावी. एखादे वेळी दोष वाचणाऱ्याचा असतो. पण तीन कवितांत तीन वेगळ्या वाचकांची जीभ अशाच एखाद्या ओळीवर अडली, तर कवीने त्या सवयीकडे पाहायला हवे. मुक्तछंदातील ओळ कुठे तुटते हे ऐकून कळत नाही, तेव्हा तिथे प्रत हातात असणे अपरिहार्य आहे. गझल असेल तर काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) शेवटपर्यंत सांभाळली आहे का हे पाहून मग एकेका शेराविषयी बोलावे, कारण प्रत्येक शेर स्वतंत्र असल्याने 'गझल छान झाली' या विधानातून कवीला काहीच हाती लागत नाही.

वाचन संपल्यावर दोन मिनिटे कोणीही बोलू नये, प्रत्येकाने आपल्या प्रतीवर खुणा कराव्यात. ही शांतता पहिल्या काही बैठकांत अवघड वाटते, पण ती पाळली नाही तर मंडळातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचे मत आधी येते आणि उरलेली मते त्याभोवती फिरतात. त्याच कारणाने बोलण्याची सुरुवात सर्वांत नव्या सदस्यापासून करावी आणि ज्येष्ठांनी शेवटी बोलावे. सभाशिष्टाचाराच्या हे उलट असले तरी आमच्याकडील ज्येष्ठांनी ते आनंदाने मान्य केले.

प्रतिक्रिया देणाऱ्याने निर्णय सांगण्यापेक्षा आपल्याला ऐकताना काय झाले ते सांगावे. आमच्या एका सदस्याने बैल विकण्याची कथा वाचली तेव्हा दोघे म्हणाले, 'कथा थोडी लांबली.' लेखकाने मान डोलावली. त्यातून त्याला काय कळणार? मग तिसऱ्याने सांगितले, 'दुसऱ्या पानावर बाजाराचे वर्णन चालू असताना माझे लक्ष उडाले, कारण बैल बापाने विकायला काढला की मुलाने, हे मला तोवर कळलेच नव्हते.' पुढच्या पाळीला लेखकाने 'दावे सोडताना आप्पांनी पोराकडे पाहिले नाही' हे तिसऱ्या पानावरचे वाक्य पहिल्या पानावर आणले. बाजाराच्या वर्णनातील एक ओळही त्याने कापली नव्हती, तरी या वेळी ते कोणाला लांब वाटले नाही. श्रोत्याने दोष कुठे जाणवला ते नेमके सांगावे. उपाय शोधणे लेखकाचे काम आहे. 'मी असतो तर मुलाला शेवटी परत आणले असते' अशी सूचना देणाऱ्याला ती स्वतःच्या कथेसाठी जपून ठेवायला सांगावे.

जे साधले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने सांगायला हवे, नाहीतर लेखक दुरुस्तीच्या भरात तेच पुसून टाकतो.

चर्चा चालू असताना लेखकाने बोलू नये, हा सर्वांत कठीण नियम आहे. 'पण ते पुढे येते ना', 'हे खरेच घडले आहे हो' असे खुलासे तोंडाशी येतात. ते आवरून त्याने केवळ टिपणे घ्यावीत आणि शेवटच्या पाच मिनिटांत काय विचारायचे ते विचारावे. विशेषतः 'हे खरेच घडले आहे' या बचावाचा उपयोग नसतो. प्रत्यक्षात घडलेली गोष्टही कागदावर खोटी वाटू शकते, आणि ती तशी वाटली एवढीच श्रोत्याची तक्रार असते.

ऱ्हस्व-दीर्घाची चर्चा बैठकीत करू नये. 1962 सालचे शुद्धलेखनाचे 14 नियम आणि 1972 मध्ये त्यांत पडलेली 4 नियमांची भर ज्यांना पाठ आहे असा एक तरी सदस्य प्रत्येक मंडळात असतो. त्याने प्रतीवर खुणा करून ती लेखकाला द्यावी, म्हणजे त्याच्या ज्ञानाचा उपयोग होतो आणि इतरांचा वेळही वाचतो. बोलीचा प्रश्न मात्र बैठकीतच यावा. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी संवाद कानाला खटकला तर तो त्या भागातल्या माणसाला खटकला आहे की केवळ पुस्तकी मराठीची सवय असलेल्याला, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकारच्या आक्षेपावरून संवाद बदलू नये.

आत्मकथनपर लिखाणात बहुधा लेखकाच्या घरची माणसे असतात आणि लहान गावात ती ओळखू येतात. 'मी' असे निवेदन असले तरी चर्चेत 'निवेदक' म्हणावे, 'तुमच्या वडिलांनी तसे का केले?' असे विचारू नये, आणि ऐकलेले माडीवरून खाली नेऊ नये. ध्वनिमुद्रण नको. व्हॉट्सॲपवर आलेला खर्डा दुसऱ्या गटात पुढे पाठवू नये, यामागे भिडेखेरीज व्यवहारही आहे: बहुतेक संपादक अप्रकाशित साहित्य मागतात आणि गावभर फिरलेल्या कथेला अप्रकाशित म्हणणे लेखकाला जड जाते. चोरीची भीती काही नवोदितांना फार वाटते. त्यांना एवढे सांगावे की 1957 च्या कॉपीराइट कायद्याने लिखाण कागदावर उतरताच त्याचा हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नुसत्या कल्पनेवर मात्र कोणाचाच हक्क नसतो. खर्ड्यावर नाव आणि तारीख घालण्याची सवय ठेवावी.

1909 साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाचा पायंडा पाडल्यापासून मराठी लेखकाचे वर्ष दिवाळीभोवती फिरते, आणि अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. त्यामुळे ज्यांना कथा पाठवायची आहे त्यांची पाळी मार्च-एप्रिलमध्ये लावावी. गणपतीच्या सुमारास पहिला खर्डा घेऊन येणाऱ्याला त्या वर्षी चर्चेचा उपयोग होत नाही, कारण दुरुस्तीला वेळच उरत नाही.

दुसरा खर्डा लगेच पुढच्या महिन्यात आणू नये. निदान एक बैठक मध्ये जाऊ द्यावी, मग पूर्ण कथा पुन्हा न वाचता बदललेला भागच वाचावा, आणि पहिल्या वेळी ज्याने सर्वांत नेमका आक्षेप घेतला होता त्यालाच प्रथम विचारावे. यासाठी सूत्रसंचालकाच्या वहीत पाळीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात कोणाला काय खटकले ते एका ओळीत, त्याच दिवशी, चहाचे कप उचलण्यापूर्वी लिहून ठेवावे.