ब्रेक्झिटवरचा राग खासदारापर्यंत कसा पोचवायचा (आणि उत्तर कसं काढायचं)

यूकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर सरकारला शिव्या घालून काही होत नाही, मी चार वर्षं घातल्या.

पहिलं म्हणजे, आपल्याला काय अधिकार असं म्हणू नका. भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थवाले म्हणून इथे मत देता येतं, युरोपियन युनियन सोडायचं का, या 2016 च्या सार्वमतातही देता येत होतं, आणि माझी पोलिश शेजारीण इतकी वर्षं इथे टॅक्स भरून, युरोपियन युनियनची नागरिक म्हणून मत नसल्याने घरी बसली होती. खासदाराला लिहायला तर मतदार असायचीही गरज नाही, त्याच्या मतदारसंघात राहत असलात की झालं. म्हणून ईमेलमध्ये पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड टाकाच, नाहीतर त्याचं ऑफिस पुढे वाचतच नाही.

आता मजकूर. इथेच सगळे चुकतात. 'युरोपला आठवड्याला 350 मिलियन पौंड देतो' लिहिलेली ती प्रचाराची बस, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मेंचा 230 मतांनी पडलेला करार, नंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सनचं 'ओव्हन-रेडी' (करार तयारच आहे म्हणे), सगळा इतिहास ओततात आणि उत्तर येतं, आपल्या भावना समजल्या. त्यापेक्षा स्वतःचा एकच किस्सा लिहा, तारखेसकट. माझा असा: बहीण म्युनिकला, दरवर्षी फराळाचा डबा पोस्टाने जायचा, फॉर्म नाही काही नाही. 2021 च्या दिवाळीत कस्टम्सचं स्टिकर भरलं, चकल्या किती ग्रॅम, किंमत किती, सगळं, तरी डबा तीन आठवड्यांनी परत आला कारण लाडवात तूप, म्हणजे डेअरी! उघडला तर लाडवांचा नुसता भुगा.

मग त्याखाली एकच प्रश्न, हो-नाहीत उडवता येणार नाही असा. मी विचारलं की युरोपशी व्यापाराचा करार 24 डिसेंबर 2020 ला जाहीर केलात, 1200 च्या वर पानं, 30 तारखेला एका दिवसात पार्लमेंटमधून पास, 31 ला रात्री लागू, मग साध्या माणसाने नियम वाचायचे कधी? आणि युरोपने आपल्या मालाची तपासणी पहिल्या दिवसापासून सुरू केली, तुम्ही त्यांच्या मालाची 2024 पर्यंत पुढे ढकलत राहिलात, ते का? (हे दोन झाले, माहितीये.)

शेवटी 'हे संबंधित मंत्र्यांकडे पाठवून त्यांचं उत्तर मला कळवावं' हे वाक्य हवंच. यानेच पत्र पुढे सरकतं.

तयार टेम्प्लेट कॉपी-पेस्ट करू नका, शंभर सारखी पत्रं आली की एकच छापील उत्तर सगळ्यांना. ऑनलाइन पिटिशन करा हवं तर, 10 हजार सह्यांवर सरकारला उत्तर द्यावं लागतं, 1 लाखावर चर्चेचा विचार होतो, पण 2019 मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणून 60 लाखांच्या वर सह्या झाल्या, चर्चाही झाली, आणि सरकार म्हणालं नाही करणार, बस.

महिनाभर उत्तर नाही आलं तर खासदाराच्या सर्जरीची वेळ घ्या (दवाखाना नव्हे हो, भेटीचा वार, बहुतेक शुक्रवार-शनिवार), पत्राची प्रिंट घेऊन जा. ऑगस्टमध्ये पाठवू नका, सगळे सुट्टीवर.

मी भुग्याचा फोटो जोडला होता. मंत्र्यांकडून दोन पानी उत्तर आलं, त्यात त्याला 'कंपोझिट प्रॉडक्ट' (मिश्र पदार्थ) म्हटलंय.