डेकचा रंग शोधताना आधी टोपी बघा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युद्धनौकेचं मॉडेल करायला घेतलं की डेकच्या रंगाशी गाडी अडते. बाजूंचा राखाडी रंग ढीगभर फोटोंत सापडतो. डेक मात्र एखाद्याच फोटोत दिसतो, तोही नेमका ओला. ओला डेक असतो त्यापेक्षा गडद दिसतो, तेव्हा तो फोटो बाजूलाच ठेवा.

माझी पहिली विनाशिका मी एका जुन्या स्लाइडच्या भरवशावर लालसर राखाडी डेकची करून बसले. नंतर तीच स्लाइड भिंगाखाली धरली, तर खलाशांच्या टोप्याही गुलाबी! त्या काळच्या बऱ्याच रंगीत फिल्मांतला निळसर सायन आधी उडतो आणि लाली उरते. म्हणून फोटोत आधी पांढरं काहीतरी शोधा. ते पांढरं नसेल, तर डेककडे बघूच नका. अंधारात जपलेली कोडाक्रोम (कोडॅकची स्लाइड फिल्म) त्यातल्या त्यात भरवशाची.

मग फोटोची तारीख. मागे लिहिलेली नसेल तर रडार, तोफा, पेनंट नंबर (जहाजाच्या बाजूवर रंगवलेला ओळख क्रमांक) बघा. ब्रिटिश विनाशिका ‘कॅव्हलियर’चा युद्धातला आर७३ पुढे डी७३ झाला, एवढ्यावरूनही काळ कळतो.

ब्रिटिश कागद लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. १९६४ मध्ये ॲडमिरल्टी, म्हणजे नौदलाचं खातं, संरक्षण मंत्रालयात विलीन झाली, त्यामुळे ॲडमिरल्टीच्या कागदांच्या एडीएम मालिकेत काही मिळालं नाही तर संरक्षण मंत्रालयाची डीईएफई चाळा. अमेरिकन जहाजांसाठी १९५६ पासूनचे फेडरल स्टँडर्ड ५९५ या सरकारी रंगयादीचे पाच आकडी नंबर कामी येतात. बाजूंचा हेझ ग्रे २६२७०: यात २ म्हणजे अर्धचमक, ६ म्हणजे राखाडी गट. ३६२७० हाच रंग, फक्त मॅट. अर्थात कागद सांगतो ते काय लावायचं होतं. काय लावलं, ते वेगळंच.

संग्रहालय झालेल्या जहाजाचा आजचा डेक बघून भुलू नका, तो पुन्हा पुन्हा रंगवलेला असतो. परवानगी मिळाली तर बोल्टने बसवलेल्या एखाद्या पट्टीखाली नाण्याएवढी जागा बारीक पॉलिशपेपरने तिरकी, ओली घासा. मास्क हवाच, जुन्या रंगात शिसं असतं. कांद्यासारखी वलयं उघडतात. प्रायमरला चिकटलेलं सगळ्यात जुनं. शेडकार्ड दिवसाच्या उजेडातच लावून बघा, ट्यूबखाली नाही. झाकलेला थर पिवळटही पडलेला असतो, तेवढी सूट धरा.

जुळलेला नंबर आणि डेकवरची नेमकी जागा तिथल्या तिथे टिपून घ्या. माझ्या त्या विनाशिकेच्या तळाला मी ‘गुलाबी टोप्या’ लिहून ठेवलंय.